बावीस नंबरच्या चौरसातलं तळं

हॅडली गाव जेमतेम आठशे वस्तीचं, पण जिल्ह्याचं ठाणं. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत चाळीस मैलांत दुसरं गाव नाही. लग्नाचा परवाना काढायचा असो, गुरांवरचा मालकीचा डाग नोंदवायचा असो की जमीन लेकरांच्या नावे करायची असो, हॅडलीला येण्यावाचून गत्यंतर नसे. शनिवारी कचेरीभोवती धुळीनं माखलेल्या गाड्या लागत. बायका डेल्फाच्या खाणावळीत कॉफी पीत बसत आणि पुरुष कचेरीच्या पायऱ्यांवर, टोप्या गुडघ्यांवर ठेवून, गवत यंदा कुठवर आलं ते सांगत. सोमवारी गाव पुन्हा डोळे मिटून घेई.

या कचेरीत दस्तांच्या खोलीत लिबी कुबाट तेवीस वर्षं बसत होती. अख्खा जिल्हा सरकारनं कधीकाळी मैल-मैलाच्या चौरसांत कापला होता आणि प्रत्येक चौरसाला नंबर दिला होता. कोणता चौरस कुणाचा, कुणाकडून कुणाकडे गेला, हे लिबी जाड वह्यांत वळणदार अक्षरात लिही. दुपारच्या उबेत लिहिता लिहिता तिचे डोळे जड होत आणि सगळा मुलूख तिला गोधडीसारखा दिसे, ठिगळाला ठिगळ जोडलेला, कडेला टाके घातलेला. जमीन तिला तोंडपाठ होती. बघितलेली मात्र नव्हती. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि घरी म्हातारी आई, अल्बिना, होती. कचेरी, चर्च आणि घर, एवढंच तिचं जग.

अठ्ठेचाळीस सालच्या जूनमध्ये क्लेम टूमा आला. शाळेत तो तिच्या एक इयत्ता पुढे होता. आता विधुर होता आणि चारशे गुरांचा धनी. थोरल्या मुलीच्या नावे जमीन करायची होती. तो नंबर सांगत गेला, ती लिहीत गेली. "पश्चिमेची तेहतिसावी रांग, चौरस बावीस," तो म्हणाला, आणि तिचा टाक थांबला.

"काय गं, शाई संपली?"

"हा आमचा होता," लिबी म्हणाली. "बाबांनी १९०६ मध्ये घेतलेला. मी तिथंच जन्मले. दोन वर्षांत सोडून दिला आणि गावात येऊन जोडे शिवायला बसले. का सोडला ते मरेपर्यंत बोलले नाहीत."

"आणि तू बघितलाही नाहीस?"

"कशी बघणार? घोड्यावर बसून?"

"हा मात्र जुलूम झाला," क्लेम म्हणाला. "रविवारी चर्च सुटलं की गाडीत बस. सही नंतर करू. एवढी वर्षं ती जमीन कुठं पळून गेली नाही."

रविवारी ती त्याच्या गाडीत चढली तेव्हा डेल्फा खाणावळीच्या दारात उभीच होती. "चौरस बघायला निघालात वाटतं?" ती ओरडली. "आम्हीसुद्धा तरुणपणी चौरसच बघायचो हो!" पायऱ्यांवरचे सगळे हसले. लिबी कानापर्यंत लाल झाली. क्लेमनं टोपी उंचावून डेल्फाला रामराम केला.

गाव मागे पडलं आणि टेकड्या सुरू झाल्या. हिरव्या, मऊ, एकीमागून एक, झोपलेल्या जनावरांच्या पाठींसारख्या. ना झाड, ना घर. लिबी मधेच म्हणे, "आता नोवाकांची हद्द संपली," आणि पुढच्याच वळणावर तारेचं कुंपण येई. क्लेम चकित होऊन तिच्याकडे बघत राही. शेवटी एका टेकडीवर त्यानं गाडी थांबवली.

खाली पाणी होतं.

लिबीला वाटलं, चुकीच्या जागी आलो. वहीत या चौरसासमोर 'वाळू, तिसऱ्या प्रतीची जमीन' एवढंच लिहिलं होतं. आणि इथं आभाळ खाली उतरून निवांत पडलं होतं, त्यावर पांढरे पेलिकन तरंगत होते.

"हे पाणी आलं कुठून?"

"खालून," क्लेम म्हणाला. "पावसाची चांगली वर्षं लागली की भूजल वर येतं. सहा वर्षं झाली. पुन्हा कधी जाईल त्याचं त्यालाच ठाऊक."

ती बूट-मोजे काढून पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात कितीतरी वेळ उभी राहिली. बाबांना बिचाऱ्यांना हे पाणी वेळेवर मिळालं असतं तर, असं तिच्या मनात येत होतं.

घरी आल्यावर तिनं आईला तेच सांगितलं. अल्बिना मनुकांचं सारण भरून गोड पाव वळत होती. तिचा हात थांबला.

"पाण्यासाठी नाही उठलो आम्ही," ती म्हणाली. "विहिरीला पाणी होतं. मलाच राहवेना तिथं. तो वारा! दिवसभर एकच सूर. तू पाळण्यात, तुझा बाप गुरांमागे, आणि मी त्या वाऱ्याशी बोलायला लागले. एक दिवस यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? लोक त्याला हरलेला म्हणायचे. त्यानं म्हणू दिलं." अल्बिनानं पावांवर ओलं फडकं घातलं. "क्लेमला विचार, पुढच्या रविवारी तिघं मावतात का गाडीत."

तिघं मावली. अल्बिना डोक्याला रुमाल घट्ट बांधून, काचा वर करून मधे बसली. टेकडीवर गाडी थांबली तरी ती खूप वेळ हलली नाही. मग तिनं लिबीला उतरायला लावलं आणि क्लेमच्या हाताला धरून आपणही उतरली.

"घर तिकडं होतं," ती तळ्याच्या मध्याकडे बोट करून म्हणाली. "मातीच्या ढेपांचं. आणि चूल तिथं, तो पक्षी बसलाय ना, बरोब्बर तिथं."

"लठ्ठ आहे," क्लेम म्हणाला. "चुलीजवळच राहत असणार."

अल्बिना हसली. लिबीनं आईला असं हसताना पूर्वी कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना. तिघांनी गवतात बसून पाव खाल्ले. वारा होताच, गवत वाकवत, पाण्यावर सुरकुत्या काढत. अल्बिनानं रुमालाची गाठ सैल केली आणि उन्हात, लेकीच्या खांद्यावर, तिला डुलकी लागली.

"उठवू का?" क्लेमनं हळूच विचारलं.

"नको," लिबी म्हणाली. "झोपू दे तिला."