दुपट्ट्याखालची सांज

खांद्यावरचा दुपट्टा तो एका हातानं ओढायचा, हवेत झटकायचा आणि आपल्या उजव्या हातावर अंथरायचा. मग कुठल्यातरी बैलाकडे बघत म्हणायचा, "टाक हात."

त्यानंतर तोंड बंद.

अकोल्याच्या कापूस बाजारात ज्यांनी त्या काळी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडल्या आहेत, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. विकणाऱ्याचा अडत्या आणि घेणाऱ्याचा दलाल कापडाखाली एकमेकांचा हात धरत. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून आकडा कळे, तोही त्या दोघांनाच. भोवती गराडा पडलेला असे आणि सगळे यांच्या चेहऱ्यावरून भाव ताडायला टपलेले असत. म्हणून ते दोघं तेराव्याला आल्यासारखी तोंडं करून उभे राहत.

मी शेतकऱ्यांच्या बाजूचा अडत्या, तो एका जिनिंगवाल्याचा दलाल. सुगीच्या दिवसांत मी बायकोचा धरला नसेल इतका त्याचा हात धरला आहे. एकमेकांकडे बघायची सोय नसल्यामुळे त्याचा चेहरा आज मला धड आठवत नाही. हात मात्र आठवतो. कोरडा, गरम, करंगळी जरा वाकडी.

माझा स्वभाव तापट. भातकुलीकडून आलो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं. जिनिंगमध्ये बोजे वाहिले, तिथून अडत्या झालो. असा माणूस गोड बोलून वर येत नाही. एकदा त्यानं कापसाचा धागा ओढून पाहिला आणि बोटांनी असा भाव दाबला की माझं डोकंच फिरलं. मी हात काढून घेतला, ढिगातला कापूस मूठभर उचलून त्याच्या पायाशी आपटला आणि त्याच्या शेठपासून त्याच्या बैलापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. तो तसाच, हातावर दुपट्टा, नजर लांब. माझा दम संपल्यावर म्हणाला, "झालं? आता टाक हात."

आणि भाव वाढवून दिला. तो वाढवून देणारच होता, हे मला घरी जाताना कळलं. त्याचाच मला जास्त राग आला.

आम्ही राहायचो एकाच गल्लीत. माझी मुलगी कुसुम, तेव्हा आठेक वर्षांची असेल, दिवेलागणीला त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची ती हाक मारल्याशिवाय येत नसे. हाक मारली तरी येत नसे. एका संध्याकाळी मी तिला कान धरून आणायला म्हणून निघालो आणि त्याच्या दाराशी थबकलो.

ओट्यावर सगळं घर बसलं होतं. तो, त्याची बायको, दोन मुली, शेंबडा लहान मुलगा आणि आमची कुसुम. मधे तोच बाजारातला दुपट्टा, आणि त्याखाली त्याचा हात धाकट्या मुलीच्या हातात.

त्या घरानं बाजाराचा खेळ केला होता. एकानं विकायचं, एकानं घ्यायचं. माल काहीही चाले: अर्धा खाल्लेला पेरू, झोपाळ्यावरची पाळी, आईजवळ झोपायची जागा. भाव घागरींत. जितकी बोटं ठरतील तितक्या घागरी घेणाऱ्यानं विहिरीवरून आणायच्या. सौदा चालू असताना बोलायचं नाही, हसायचं नाही. बाकीच्यांनी दोघांचे चेहरे बघून भाव ओळखायचा. ज्याच्या चेहऱ्यावरून ओळखला तो हरला.

धाकटी मुलगी मांजर विकत होती. मांजर तिचं नव्हतंच, गल्लीचं होतं. पोरगी गाल फुगवून, डोळे वटारून बसली होती. आणि हा, ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ साऱ्या अकोल्याला वाचता आली नाही, त्याच्या मिशा थरथरत होत्या. बघता बघता तो फसकन हसला. पोरांनी एकच गिल्ला केला. त्याची बायको म्हणाली, "बजारात वाघ, न् घरी पानक्या. जा आता विहिरीवर."

तो खरंच गेला. कंबरेला धोतर खोचून, खांद्यावर घागर, मागे पोरांची रांग. वाटेत मला बघून म्हणाला, "महाग पडलं मांजर, भाऊ."

मी कुसुमचा कान धरायचा विसरलो.

पुढे त्यानं मलाही बसवलं. "ये ना, भाऊ. तुले काय शिकवाचं, तू तं उस्तादच." मी बसलो. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं. मी कुसुमसमोर बसलो, दुपट्ट्याखाली तिचा हात धरला. एवढासा हात, बोटं शाईनं चिकट. तिच्याकडे चिंचेचे बुटुक होते, म्हणजे पिकलेल्या शेंगा, ते मी घेणार होतो. तिनं बोटं दाबली, मी कमी दाबली, तिनं परत दाबली, मी हललो नाही. माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळलं नाही. बुटुक मी जवळपास फुकटात घेतले. मग त्याच्या थोरलीचा झोपाळा घेतला. मग लहान्याची आईजवळची जागासुद्धा घेतली आणि तो भोकाड पसरून रडायला लागला.

घरी येताना कुसुम माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "बाबा, तुमच्यासंग मजा येत नाई. तुमी तिथंबी बजारच करता."

आता तुम्हीच सांगा. नियम त्यांचे, मी नियमानं खेळलो. तिच्या वयात मी सरकीची पोती शिवत होतो, मला कोणी ओट्यावर घेऊन बसलं नव्हतं. खेळ जिंकायला खेळतात एवढंच मी ऐकून होतो. तो रोज संध्याकाळी हरत होता आणि माझी मुलगी त्याच्या बाजूला सरकत होती. बाजारात त्यानं माझा माल असा ओढून नेला असता तर मी भांडलो असतो. इथं काय म्हणून भांडायचं?

तरी मी पुन्हा गेलो, दोनचारदा. ओट्याच्या कडेला बसायचो, खेळायचो नाही. त्याची बायको चहा द्यायची. तो पोरांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून भुवई उडवायचा, म्हणजे येतोस का. मी मान हलवायचो. कुसुम एकदाही म्हणाली नाही की बाबा, या.

मग बाजाराचे नियम बदलले. कापडाखालचे सौदे बंद, सगळा लिलाव उघड्यावर, तोंडानं. शेतकऱ्याच्या भल्याचंच होतं ते, मी ना म्हणणार नाही. माझं तर सोनं झालं. माझा आवाज तुम्ही ऐकला नसेल. मी ओरडलो की पलीकडच्या बंडीचे बैल उठून उभे राहत.

त्याचा आवाज मात्र बारीक, देवळात बोलल्यासारखा. लिलावात तो भाव बोले आणि तो कोणाला ऐकूच जात नसे. दुसरे दलाल त्याच्या डोक्यावरून ओरडत. एका हंगामात तो पहिल्या रांगेतून मागे गेला, पुढच्या हंगामात आणखी मागे, कडुनिंबाखाली. दुपट्टा खांद्यावरच राहिला. जिनिंगवाल्यानं दुसरा माणूस ठेवला.

अशात एका दुपारी, ऐन भरात लिलाव चालू असताना, तो माझ्या ढिगापाशी आला. शेतकरी ताटकळलेले, बंड्यांची रांग दारापर्यंत. त्यानं दुपट्टा ओढला, झटकला, हातावर अंथरला.

"टाक हात."

"बंद झालं ना बाप्पा आता हे," मी म्हणालो. तरी हात टाकला. सवय. "माल काय?"

"आजची सांज," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करून राहिला. मी त्याच्या बोटांची वाट बघत होतो. त्यानं बोटं दाबलीच नाहीत. माझ्या तळहातावर अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. बाजारात अंगठ्याला भाव नाही. कोणाला विचारा, अंगठ्यानं कधी आकडा झाला नाही. तिकडून माझ्या नावाचा पुकारा होत होता.

"कामाच्या वक्ती काहून खोळंबा करून राहिला बे?" असं म्हणून मी हात काढून घेतला.

तो दुपट्टा खांद्यावर टाकून गेला. या वेळी त्यानं "झालं?" असं विचारलं नाही.

त्या दिवशी आवराआवर करून घरी यायला मला उशीर झाला. कुसुम जेवून झोपली होती. सकाळी मी बाजारात गेलो आणि दुपारी कळलं की ते बिऱ्हाड सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेलं, कायमचं. त्याच्या मेव्हण्याचं तिथं किराणा दुकान होतं.

मी भर दुपारी घरी आलो. कुसुमला विचारलं, तुला ठाऊक होतं का. तिला ठाऊक होतं. सगळ्या पोरांना ठाऊक होतं. आदल्या सांजेला शेवटचा खेळ झाला होता.

"काका तुमची लय वाट पाहत होते," ती म्हणाली. "तुमची जागा ठेवली होती. मी कोनाले बसू देल्लं नाई."

मी अंगठ्याचं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की एवढंही कसं येत नाही या माणसाला. "अंगठा म्हंजे तुमी सांगाल थो भाव. काकाच लावत होते थो. लहान्याशी खेळताना."

"मंग तोंडानं सांगता आलं नाई त्याले? जाऊन राहिलो म्हनून?"

"सौद्यात बोलाचं नसते, बाबा."

मला हा राग अजून आहे. इतक्या वर्षांचा शेजार, इतक्या हंगामांचा हात. एक वाक्य बोलला असता तर मी साऱ्या बंड्या उभ्या ठेवून आलो असतो. बाजार गेला असता खड्ड्यात. मी काय अंतर्ज्ञानी होतो? घरातला नियम त्यानं बाजारात आणला आणि मला न सांगता आणला. कुठल्याही पंचासमोर मी हे भांडायला तयार आहे.

पण पंच बसवायला दुसरा पक्ष हवा. कुसुमला पुढे अमरावतीतच दिलं. लेकीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारत विचारत त्याच्या मेव्हण्याच्या दुकानी पोचलो. मनात सगळं जुळवून नेलं होतं, आधी शिव्या, मग बाकीचं. मेव्हणा गूळ जोखत होता. मान वर न करता म्हणाला, "गेले ना थे. मागच्या उन्हाळ्यात. बहीन पोट्ट्यायले घेऊन नागपूरले गेली."

"मले काहून नाई कळवलं?" मी ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"तुमाले कोन ओयखते इथं, भाऊ?" तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नाही. दुकानाबाहेर ओटा होता. त्यावर शेजारची दोन पोरं पाय हलवत बसली होती, कोणाची तरी वाट बघत असावीत तशी. मी त्यांना विचारलं नाही.

परवाची गोष्ट. कुसुमकडून अकोल्याला परत निघालो होतो. पिशवी दाराशी, मोटारीची वेळ झालेली. तिची धाकटी पोरगी आली आणि माझ्या शेजारी बसली. आईचा पदर ओढून तिनं आपल्या हातावर घेतला, दाराबाहेर कुठंतरी बघत म्हणाली, "टाका हात, आबा."

मी कुसुमकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

"माल काय?"

"तुमची मोटार."

मी हात टाकला. पदराखाली छोटी बोटं चाचपडत होती, आणि माझा हात उगाच एक वाकडी करंगळी शोधत होता. पोरीनं बोटं दाबली, आधी थोडी, मग सगळी. मी अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला.

सौद्यात बोलायचं नसतं. कुसुमनं सूप बाजूला ठेवलं, आणि भाव ओळखायला माझ्या तोंडाकडे बघत बसली.