चालून दाखवा

"बेन, जरा चालीने बतावो."

टेबलामागे पाच-सहा जण, पुढ्यात चहा-बिस्किटं. मधल्या साहेबांनी मान वर न करता बोट हलवलं. दारापर्यंत जा, परत ये. बैल घेताना चालवून बघतात, तसं.

हे परवाचं. गुडघ्याच्या झिजेवरची इंजेक्शनं सरकारी योजनेत घ्यायची का, ते या बैठकीत ठरायचं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला पेशंट म्हणून बोलावलेलं. मागे त्यांनीच कुठूनतरी एक इंजेक्शन मिळवून दिलं होतं. काही महिने मी कठडा न धरता जिना चढले. मग दुखणं परत आलं. दुसरं विकत घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं.

मी चालले. ताठ. सरळ.

"आ तो सरस चाले छे!" साहेब हसले. "आ लोकोने तो बधुं मफत ज जोईए." म्हणजे आम्हाला सगळं फुकटच हवं. मग सगळेच हसले.

काय करून बसले मी! इथे गुजरातेत, मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी दिवसभर उभ्याने पॅकिंग करते. माझ्या शेजारी पॅकिंग करणारी कमळाबेन लंगडायला लागली आणि आठवड्याभरात तिच्या जागी नवी मुलगी आली. तेव्हापासून सुपरवायझर दिसला की मी दात आवळून सरळ चालते. आता कुठलाही साहेब दिसला तरी पाय आपोआप सरळ पडतात.

तेवढ्यात एक मॅडम उशिरा आल्या. साहेब म्हणाले, "फरी चालो. मॅडमने बतावो." पुन्हा चालायचं, मॅडमना दाखवायला.

आता लंगडले तर नाटक म्हणतील. सरळ चालले तर इंजेक्शन गेलं, माझं आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्या पेशंट बायकांचंही. कारखान्यात कळलं तर कामही जाईल. भीती वाटत होती. आणि संतापही आला होता.

"नहीं चालुं."

समोरची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. पणजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते. साहेबासमोर बसायचं नाही, हे आमच्या घरात अजून शिकवतात.

मग त्यांच्याच गुजरातीत सांगितलं. मी लंगडते. पोटासाठी लपवते. औषधाचा उपयोग किती, ते नीट तपासून ठरवा. नाही म्हणायचं तर कारण सांगून म्हणा. आमच्या चालीला हसून नको.

कोणी हसलं नाही. कोणी हो पण म्हणालं नाही. "जोईशुं," साहेब बोलले. बघू, एवढंच.

निर्णय अजून आलेला नाही. माझी भीतीही गेलेली नाही. पण उद्या कारखान्यात पाळीला मी सुपरवायझरच्या समोरून लंगडतच आत जाणार. काढायचं तर त्यानं तोंडावर सांगावं. त्याच्यासाठी मी आता सरळ चालणार नाही.