थोरल्या साडूंची चेष्टा

जगात फुकट कोणी काही करत नाही, या माझ्या सिद्धांताला सबंध जयपुरात एकच माणूस आडवा येतो, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हा मी दैवाचा खोडसाळपणा समजतो. मी सायकलवर रजया लादून, दारोदार विकून या शहरात उभा राहिलेला माणूस. समोरचा गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशावर जातो. साडू तर मी ओळखतो तेव्हापासून गोडच बोलतायत. विमा कंपनीत अधिकारी म्हणून बदलीवर आले, जवाहर नगरात घर केलं, आणि त्या दिवसापासून जयपुरात उतरणारं प्रत्येक मराठी कुटुंब ही आपलीच जबाबदारी असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणा बँकवाल्याच्या सामानाचा ट्रक गल्लीत वळायच्या आत हे पोळीभाजीचा डबा घेऊन दारात हजर. इस्पितळात कोणाला मऊ भात हवा, कोणाच्या वडिलांच्या तेराव्याला भटजी हवा, सगळं यांच्याकडे. रविवारी गोपालपुऱ्याच्या वसतिगृहांतली मुलं गोळा करून जेवायला आणतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते, “आमच्याकडे जेवायला कोण होतं ते आम्हाला जेवणं झाल्यावर कळतं.” पण तिलाही तक्रार करायला जागा नाही, कारण रोज सकाळी तिच्या गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही. लेकीकडच्या नातीच्या वेण्याही हेच घालतात. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. ती बिचारी तशीच शाळेत जाते.

मी बरीच वर्षं पाळत ठेवली. आधी वाटलं, नगरसेवकाची निवडणूक लढवायची असेल. निवडणुका आल्या आणि गेल्या. मग वाटलं, परलोकाची सोय चालली असेल. एकदा तोंडावर विचारलं, “पुण्याचा हिशेब ठेवता का कुठे?” तर म्हणाले, “पुण्याचं काय घेऊन बसलात? पुण्याला आमचा मुलगा आहे, तो फोनसुद्धा उचलत नाही.”

माझी तक्रार वेगळीच आहे. या माणसाला घासाघीस करता येत नाही. मराठी मंडळाचे गणपती जवळ आले की मला फोन येतो, “अहो, जरा राग घेऊन या.” म्हणजे मांडववाल्याशी मी भांडायचं. मी जातो, टेबलावर हात आपटतो, निघून जायचं नाटक करतो, मांडववाल्याला रडकुंडीला आणतो. सौदा पटला की हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून आईची तब्येत विचारतात आणि जाताना त्याच्या पोरांना मोदकांचं आमंत्रण देऊन येतात. आज तो मांडववाला यांच्या पाया पडतो, आणि मला लांबून पाहिलं की दुकानाच्या मागच्या बाजूला जातो. भांडण माझं आणि देवपण यांचं.

पण तेही मी गिळलं असतं. गिळलं नाही ते मधुराचं. मधुरा माझी मुलगी. गोपालपुऱ्याच्या एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवते, वर्गभर पोरांना गप्प बसवते. लहानपणी मंडळाच्या स्टेजवर तिने ‘ळ’चा ‘ल’ केला आणि लोक हसले. तेव्हापासून माझ्या घरात, माझ्याशी, ती हिंदीतच बोलते: “पापा, खाना लगा दूँ?” आणि साडूंशी फोनवर मराठीत! मोडकं, अडखळत, पण मराठीत. मी दाराआडून ऐकलंय. मला जे मिळत नाही ते यांना कोणत्या भावात मिळतं, हा प्रश्न मला व्यापारी म्हणून छळत होता.

यंदा मंडळाने त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरवला. साडूंनी अट घातली, भाषण मधुराच करेल, मराठीत, आणि आधी कोणी तपासायचं नाही. मला तेव्हाच वास आला.

मधुराने सुरुवात छान केली. मग शुद्ध शब्द शोधता शोधता तिच्यातली हिंदी शाळा जागी झाली. प्रयत्नाला तिथे चेष्टाच म्हणतात. ती म्हणाली, “मावसाजींनी आयुष्यभर समाजसेवेची चेष्टा केली.” सभागृह थबकलं. ती पुढे वाचत होती, “कुटुंबासाठीही त्यांनी हीच चेष्टा केली, आणि मावशीने त्यांना पूर्ण साथ दिली.” मग हशा फुटला. मागून कोणीतरी म्हणालं, “बापाने लिहून दिलेलं दिसतंय.” मधुरा थांबली. मी बाह्या सावरून उठलो, पण साडू आधीच तिच्या शेजारी उभे होते. माईकवर म्हणाले, “पोरगी खरं बोलली. सेवेच्या नावाखाली मी लोकांची चेष्टाच केली, त्यांनी ती सहन केली.” पहिल्या रांगेतून ताई म्हणाली, “कुटुंबाची तर केलीच केली.” हशा पुन्हा उठला, पण आता तो यांच्यावर होता. “वाच गं पुढे,” ते म्हणाले, आणि भाषण संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

नंतर मी त्यांना सभागृहामागच्या स्वयंपाकघरात गाठलं. उरलेलं श्रीखंड इस्पितळातल्या कोणासाठी तरी डब्यात भरत होते.

“तिने तुम्हाला आधी वाचून दाखवलं होतं ना?”

“हो. फोनवर.”

“मग सुधारलं का नाही?”

“सुधारलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारलं असतं.” त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. “मी कुठवर पुरणार? हसतील हे ठाऊक होतं, म्हणून जवळच उभा राहिलो. तिला म्हटलंय, काय चुकलं ते बाबांना विचार.”

म्हणजे माझा संशय खरा होता. या माणसाच्या मनात डाव होता. भांडायला माझ्याकडे शब्द पुष्कळ होते, पण साडू डबा घेऊन निघूनही गेले. पाठमोरे पाहिले तेव्हा ध्यानात आलं, हल्ली ते जिना एकेका पायरीवर थांबून उतरतात.

गाडीत मधुराने भाषणाचा कागद पुन्हा उलगडला. मग हळूच म्हणाली, “पापा, चेष्टा म्हणजे मराठीत काय असतं?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी गाडीचा वेग कमी केला, लांबचा रस्ता धरला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो. ती मध्ये मध्ये विचारत होती, “म्हणजे?”