फाटकातून कागद जातो

गेल्या शुक्रवारी मी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभा राहून भाषण देत होतो आणि समोरची माणसं एकेक करून उठून जात होती. विद्यार्थी-पुढारी म्हणून पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं… मनात आलं, आपला घसा बसला की मुद्दा?

मुद्दा पक्का होता. आमच्या गोंदियातल्या कॉलेजात शिष्यवृत्तीचा फॉर्म द्यायची खिडकी पुढच्या इमारतीत, आणि त्यावर लागणाऱ्या दोन सह्या मागच्या इमारतीत. एक लायब्ररीची, एक तिला लागूनच बसणाऱ्या विभागप्रमुखांची. मधलं अंतर हाकेचं, पण यंदापासून मधल्या फाटकाला कुलूप… सुरक्षेसाठी म्हणे. मग बाहेरच्या रस्त्याने वळसा घाला, जाऊन-येऊन पाऊण तास.

ज्याच्याकडे स्कूटी आहे त्याला हा वळसा जाणवतही नाही. जो बसने येतो तो पायी जातो, नाहीतर ऑटोला पैसे देतो. खिडकी मात्र दोघांसाठी एकाच वेळी बंद होते… याला समान संधी म्हणायचं का, एवढंच मी विचारत होतो. जरा मोठ्या आवाजात, आणि तीन-चार विचारवंतांना साक्षीला बोलावून.

त्या दिवशी शेवटची तारीख. ज्यांचे फॉर्म देऊन झाले होते ते माझं भाषण ऐकायला थांबले होते. आणि दवनीवाड्याकडची बस नेमकी वाटेत बंद पडली. तिच्यातली तीसेक मुलं सव्वा वाजता कॉलेजात पोहोचली. खिडकी दोनला बंद…

त्यांच्यात योगिता होती. बीएस्सीचं शेवटचं वर्ष. फॉर्म राहिला तर सगळी फी एकदम भरायची, नाहीतर कॉलेज सोडायचं, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. हे तिनेच मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी ते भाषणात घेतलंही होतं… नाव न घेता, पण हात चांगला उंच करून.

ती धावत निघाली नाही. पायऱ्यांपाशी आली, पुढच्या दोघीतिघींच्या कानाशी काही बोलली. त्या उठल्या. मग त्यांच्या मागच्या उठल्या. मी आवाज चढवला… तर आणखी चार उठले!

शेवटी मी चिडून विचारलं, "काऊन गं योगिता, एवढं वाईट बोलून राहिलो का मी?"

"बोला ना दादा, चांगलंच बोलून राहिले तुम्ही." तिने बसमधल्या सगळ्यांच्या फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरला होता. "पण फाटकातून माणूस नाही जात, कागद तं जाते ना!"

तेव्हा मी वळून पाहिलं. आणि पुढचं वाक्य विसरलो…

खिडकीपासून फाटकापर्यंत मुलंमुली दोन-दोन हातांवर उभी होती. फाटकाच्या पलीकडेही तशीच रांग, थेट लायब्ररीच्या दारापर्यंत. तिकडच्यांना फोन करून वर्गातून बाहेर बोलावलं होतं. त्यात बसवाले होते, स्कूटीवाले होते, माझे श्रोते तर सगळेच होते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या खाचरात, पऱ्ह्यांच्या, रोपांच्या जुड्या अशाच हातोहात जातात. चिखलात कुणी पळत नाही. आणि जिची ओळ आधी संपते ती बाई कडेच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसत नाही, शेजारणीच्या ओळीत शिरते. मीही धान पिकवणाऱ्यांच्याच घरचा… जगभरचं वाचत बसलो आणि आईच्या हातातलं वाचायचं राहून गेलं.

फाटकावरचे गार्ड चाचा आधी ओरडले, "भीड़ मत लगाओ! आना-जाना बंद है, लिखा है ना!" मग त्यांनी फाटकावरची पाटी स्वतःच पुन्हा एकदा वाचली. "आदमी का लिखा है… कागज का नहीं लिखा।" आणि गजांमधून हात पलीकडे घालून ते रांगेत उभे राहिले.

योगिताने आंब्याच्या झाडापाशीच्या एका रिकाम्या जागेकडे बोट केलं. मी पायऱ्या उतरलो आणि तिथे जाऊन उभा राहिलो. टाळी कुणी वाजवली नाही. शेजारचा एवढंच म्हणाला, "नेताजी, आता तोंड बंद, हात चालू."

फॉर्म जात होते, सह्या होऊन परत येत होते. योगिताने स्वतःचा फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवला होता, हे तो सह्या होऊन परतताना माझ्या हातात आला तेव्हा मला कळलं. दोनला सहा मिनिटं कमी… मी तो दोन्ही हातांनी शेजारच्याला दिला.

तो पुढे गेला. माझ्या जागेवरून खिडकी दिसत नव्हती. वरच्या गॅलरीत ऑफिसची माणसं येऊन उभी होती. जे अंतर मी वीस मिनिटं शब्दांत मोजत होतो ते त्यांना आता वरून स्पष्ट दिसत होतं, माणसांनी भरलेलं.

मग रांगेतून बातमी उलटी येऊ लागली, एका तोंडातून दुसऱ्या तोंडाला. "झालं…" "झालं…" शेजारच्याने माझ्याकडे वळून म्हटलं, "झालं!" मी पलीकडच्या मुलीला म्हटलं, "झालं." फाटकापाशी चाचा गजांमधून म्हणाले, "हो गया बेटा, हो गया!" आणि तो शब्द तसाच लायब्ररीच्या दारापर्यंत गेला.

कुलूप अजून तिथेच आहे. ते निघेपर्यंत मी बोलणारच, त्यात कसूर नाही. पण त्या दिवशी अख्ख्या रांगेत माझ्या वाट्याला एकच शब्द आला, तोही दुसऱ्याने दिलेला… आणि तो पुढे देताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपलं बोलणं कुठेतरी पोहोचलं. योगिता, तू मला रांगेत जागा दिलीस… हे विसरणार नाही.