विणणारीचं नाव

रालित्साच्या नाकावर कायम राग असतो, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. पण त्या रागाला कारणं नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. राजधानीत, सोफियात शिकून, तिथेच नोकरी करून ती वडिलांच्या आजारपणात परत आली आणि गावात राहून लोकांना वेबसाइट करून देऊ लागली. पाहुणघर चालवणारा, मध विकणारा, दातांचा डॉक्टर, सगळ्यांचं म्हणणं एकच: "टेम्पलेट तर तयारच असतं, तू फक्त आमचं नाव टाकायचंस." आयतं टेम्पलेट म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट. खांदे उसवा, बाह्या आखूड करा, अस्तर बदला, आणि एवढं झाल्यावर मालक म्हणणार, रंग जरा निळा हवा होता.

दातांच्या डॉक्टरनं तर टेम्पलेटबरोबर आलेली परदेशी हसरी बाई काढूच दिली नाही. "असू दे गं, दात चांगले आहेत तिचे," म्हणाला. तेव्हापासून रालित्साची दाढ दुखते, पण ती त्याच्या पायरीला पाय लावत नाही.

विणकर बायकांच्या मंडळाची वेबसाइट जवळच्या मोन्ताना शहरातल्या कुणा माणसानं करून दिली होती. तिचे रंग बदलायला म्हणून रालित्साला बोलावलं. तिनं पानं उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं मजकूर चढवला त्याचं नाव त्याखाली आपोआप यावं, अशी त्या टेम्पलेटची रीत. बातम्यांसाठी ती ठीकच. पण इथे प्रत्येक गालिचा चढवला होता मंडळाचे व्यवस्थापक वल्चान द्राग्नेव यांनी, आणि म्हणून प्रत्येक गालिच्याखाली वल्चान द्राग्नेव. जर्मनीहून कुणी त्याच्या बोटांची तारीफ लिहून पाठवली होती, ती त्यानं चौकट करून भिंतीवर लावली होती. ज्या माणसाला तुटलेलं बटण बायकोकडून लावून घ्यावं लागतं, त्याची बोटं!

"वल्चानदादा, तुम्ही मागावर कधी बसलात?"

"अगं, ते टेम्पलेटच तसं दाखवतं. मी काय करू?"

"ते काढायला सांगायचं होतंत."

"गिऱ्हाईकाच्या एकच नाव लक्षात राहतं. आणि आपल्या बायकांना कुठे पुढेपुढे करायची हौस आहे?"

"ती सगळी तुमच्याच वाट्याला आलेली दिसते."

वल्चान कॉफी ढवळत राहिला. आयत्या बिळावरचा हा नागोबा मात्र एवढ्यावर थांबला नव्हता. सोफियातल्या एका प्रदर्शनवाल्यांनी वेबसाइटवरूनच तांबड्या जमिनीचा मोठा गालिचा निवडला होता आणि विणकर म्हणून वल्चानला बोलावणं धाडलं होतं. त्यानं नवा सूटही शिवायला टाकला होता. तो गालिचा रालित्साच्या सख्ख्या मावशीच्या, स्पास्काच्या मागावरचा. स्पास्काला आता काळा दोरा आणि निळा दोरा वेगळा दिसत नाही. एवढा मोठा गालिचा ती पुन्हा विणणार नाही, हे सगळं गाव जाणतं.

रालित्सानं त्याच खोलीत, त्याच्याच टेबलावर काम सुरू केलं. मूळ टेम्पलेटला हात न लावता तिनं वर आपली वेगळी जोड ठेवली, म्हणजे उद्या नवी आवृत्ती आली तरी तिचं काम पुसलं जाणार नाही. चढवणाऱ्याच्या नावाची ओळ उडवली. 'विणणारी' अशी नवी जागा केली, आणि ती भरल्याशिवाय गालिचा पानावर चढणारच नाही असा बंदोबस्त केला. तांबड्या गालिच्याखाली पहिलं नाव टाकलं स्पास्का मावशीचं. मग सोफियाला फोन करून इतकी भांडली की तिथल्या बाईनं वल्चानचं नाव खोडून स्पास्काचं छापायला दिलं.

"हे काम मी दुसऱ्याला देईन," वल्चान म्हणाला.

"द्या. पण नावाला हात लावलात तर गावातल्या सगळ्या बायका तुमच्या दारात आणून बसवीन."

आठवड्यानं सोफियाहून प्रदर्शनाची छापील पुस्तिका आली. ती घेऊन रालित्सा मावशीकडे गेली. स्पास्का घेवड्याचं सार ढवळत होती. तिनं हात पुसले, पान डोळ्यांशी धरलं, बराच वेळ पाहिलं.

"तोत्का कुठाय?"

मोठा गालिचा एकटीचा नसतो. मागावर दोघी शेजारी बसतात, अर्धा हिचा, अर्धा तिचा. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. या गालिच्याला मावशीशेजारी बसलेली तोत्का, तो मागावरून उतरल्यावर लगेच गेली. तिच्या दारावर चिकटवलेला काळ्या किनारीचा निधनाचा कागद अजून फाटलेला नाही, आणि रालित्सा त्याच दारावरून इथे आली होती.

"मावशी, ते... तिथे एकाच नावाची जागा आहे."

"ती जागा कुणी केली?"

रालित्सानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"डावी बाजू तोत्काची आहे. मग असं कर, कात्री घे, मधून काप, आणि माझी तेवढी बाजू ने सोफियाला."

रालित्सानं तिथेच बसून दुसऱ्या नावाची जागा केली. काम किती किरकोळ होतं, हे पाहून तिला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं. मग सोफियाला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, आम्ही तुमच्या वेबसाइटवर होतं तेच घेतलं, आता पुस्तिका छापून झाली, भिंतीवरची पाटी झाली, दुसरं नाव पुढच्या वेळी बघू. स्पास्कानं हात पुढे करून फोन मागितला.

"बाई, तोत्काला पुढची वेळ नाही," ती म्हणाली. "गालिचा येणार नाही."

फोन ठेवल्यावर रालित्सा भडकली. सोफियावाल्यांचा उद्धार झाला, वल्चानचा झाला, मोन्तानाच्या त्या माणसाचा झाला, टेम्पलेट करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा झाला. स्पास्कानं सार वाढलं, पावाचा तुकडा मोडून ताटलीशेजारी ठेवला आणि ती दमेपर्यंत थांबली.

"ओरडतेस छान, पोरी," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी इतकी भांडलीस, आणि एकदा येऊन मला विचारलं नाहीस."