काकांनी तपासलेला तुरुंग

आमचे काका तीस वर्षं कुलुपं दुरुस्त करताहेत. जगातली सगळी अक्कल आपल्याच हत्यारांच्या पेटीत आहे, अशी त्यांची समजूत आहे. पुतणीने स्वतः काढलेलं ड्रॅगनच्या राज्याचं कॉमिक छापायला देण्याआधी त्यांच्यापुढे ठेवलं. तिला शाबासकी हवी होती. काकांनी ड्रॅगनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुरुंगाच्या बिजागऱ्या कैद्याच्या बाजूला? खिळा उपटला की दार हातात! राजा गाढव आणि सुतार महागाढव!"

पुतणीने बिजागऱ्या खोडून बाहेरच्या बाजूला काढल्या.

"घ्या काका. तुरुंगातली राजकन्या खिळा उपटूनच पळणार होती. आता बसेल जन्मभर आत."

काकांनी चहाचा कप बाजूला सारला.

"कुलूप कसलं आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं आणि पेटी उघडली.