फौजदार, जेवायला चला

कुत्री पाळायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. हे गेल्यावर मी सेलूच्या बाहेर, देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या घरात एकटी राहत होते. आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून रिकामेच, त्यांत वेडी बाभूळ आणि लोकांनी आणून टाकलेलं डबर. घराला बाहेरून गिलावा झालेला नाही. पुढच्या वर्षी करू, असं आम्ही दोघं दरवर्षी म्हणायचो. शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, चहा ठेवायचा आणि वर्गातल्या पोरांची ऑनलाइन माहिती भरत बसायचं, असा माझा दिवस. ह्यांच्या चपला दारात तशाच ठेवल्या होत्या, घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून.

चपलांनी भागलं नाही. एकदा शाळेतून आले तर बोअरच्या मोटारीची केबल कापून नेलेली. पुढे एक अनोळखी माणूस दोन-तीनदा संध्याकाळी गेटशी येऊन गेला. "सायेब हायेत का?" असं मला विचारायचा आणि माझ्या खांद्यावरून आत बघत राहायचा. हे ऐकून पुण्यातल्या लेकीनं धोशाच लावला: घर भाड्यानं दे, स्वेच्छानिवृत्ती घे आणि इकडं ये. मला घर सोडायचं नव्हतं. भीती वाटत होती हे खरं, पण म्हणून जायचं नव्हतं.

तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवायच्या शेडमागे एक कुत्री व्याली. नर पिल्लं लोकांनी लगेच उचलली. मादी राहिली. स्वयंपाकाच्या मावशींनी ती पिशवीत घालून माझ्या गाडीला अडकवली.

"न्या म्याडम. राखणीला हुईल."

"मावशी, कुत्री हाय ती."

"मंग? कुत्री भुकत न्हाई का?"

भुंकत नव्हती. झाडूला भ्यायची, कुकरच्या शिट्टीला भ्यायची, दारात कुरिअरवाला आला की पलंगाखाली जाऊन बसायची. माझ्या नशिबाला राखणदार आला तोही असा. मग मी ठरवलं, कुत्रीकडून काही होत नाही तर निदान नाव तरी दणदणीत ठेवावं. मी गेटात उभी राहून हाक मारली की रस्त्यावरच्या माणसाला आत काहीतरी भारी आहे असं वाटलं पाहिजे.

मधल्या सुट्टीत शाळेत हा विषय निघाला. नर असता तर टायगर, वाघ्या, शेरू, नावांना तोटा नव्हता. मादी म्हटलं की चिंगी, चंपी, सोनी. अशा नावाला चोर कशाला भिईल? एका सरांनी उत्साहानं देवीचं नाव सुचवलं. दुसऱ्यांनी दुसऱ्या देवीचं. मुख्याध्यापकांचा चहा तसाच हातात राहिला. मी म्हटलं, "सर, आमी बौद्ध. आमच्या दारात कुत्रीला देवीचं नाव घेऊन हाक मारली तर काय हुईल, कळतंय ना?" सगळ्यांना कळलं. शूर राणीचं घ्यावं, तर तीही कुणाच्या ना कुणाच्या अस्मितेत बसलेली. म्हणजे शूर बाईचं नाव कुत्रीला द्यायची सोयच नाही. साध्या, जिवंत बाईच्या कडकपणाला आपल्याकडे शब्द आहेत कजाग, कैदाशीण, जहांबाज. ते कुत्रीसाठी कुणी राखूनच ठेवलेले नाहीत, बायकांवर वापरून झालेत. माझ्यावरही झाले असतील. मला त्या चर्चेचा कंटाळा आला. घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

नाव शेवटी दूधवाल्यानं दिलं. ती सकाळी दारात ह्यांच्या चपलांवर पोट टेकून बसली होती आणि मान वर करून त्याच्या कॅनकडे टक लावून बघत होती.

"म्याडम, ह्ये फौजदार कवा आले बदली हून?"

मी कितीतरी दिवसांनी हसले. फौजदारीण म्हणावं तर ती फौजदाराची बायको झाली, आणि बायकोला कोण भिणार. मग फौजदारच.

पहिल्या दिवसापासून मी तिला अहो-जाहो करायला लागले. ठरवून नाही. संध्याकाळी भाकरी झाली की गेटकडे तोंड करून "अहो, चला जेवायला" म्हणायची माझ्या तोंडाला जुनी सवय. हाक उरली होती, हाकेचा माणूस उरला नव्हता. ती हाक मी कुत्रीला देऊन टाकली, आणि खरं सांगायचं तर मला त्यानं बरं वाटायचं. "फौजदार, जेवायला चला." "फौजदार, आत या, गार वारा सुटलाय."

मग एकेक गंमत कळायला लागली. गॅसवाला सिलिंडर न सांगता थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवू लागला. भंगारवाला आमच्या घरापुढे आला की भोंग्याचा आवाज बारीक करायचा. मेथीच्या जुड्या आपोआप मोठ्या झाल्या. खांद्यावरून आत बघणारा माणूस परत काही दिसला नाही. नव्यानं राहायला आलेल्या लोकांनी समजच करून घेतला होता की या घरात फौजदार राहतात, ड्युटीमुळं दिसत नाहीत एवढंच. मी कुणाशीही खोटं बोलले नव्हते. खरं सांगायलाही गेले नाही. फौजदार पलंगाखाली असायचे.

चोराची भीती गेली, थकवा गेला नाही. शाळा, मतदार याद्यांचं काम, सर्वेक्षणं, परत आल्यावर कुलूप. एक दिवस मनात ठरवून टाकलं, लेक म्हणते तसं करू. अर्ज देऊ, घराला भाडेकरू बघू. कुत्री मावशींकडे राहील.

आमच्या समोरच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये नव्यानं आलेलं एक जोडपं राहायचं. दोघं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो पिऊन आला की तिला मारायचा. एकदा मी हटकायला गेले, तर त्यानं "घरचा मामला हाय, म्याडम" म्हणून माझ्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. अलीकडे शिव्या ऐकू यायच्या, पण मार बंद झाल्यासारखा वाटत होता. सुधारला असेल, असं मी धरून चालले होते.

एका रविवारी दुपारी ती बाई गेटशी आली. पदर घट्ट ओढून उभी राहिली, आत येईना.

"म्याडम, सायेब ड्युटीवरनं कवा येतेत?"

"कोणते सायेब?"

"फौजदार सायेब. गाठ घालून द्या की जरा. लय दिवसापासून यीन यीन म्हणायलेय, हिंमतच हुईना."

मी तिला ओट्यावर आणलं. कुत्री चपलांवर उताणी पडून चारही पाय वर करून झोपली होती. "हे बघ फौजदार," मी म्हटलं.

तिनं कुत्रीकडे बघितलं, मग चपलांकडे, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पायरीवर बसूनच राहिली.

"म्या तर त्येला सांगून बसले," ती म्हणाली. "समोर फौजदार राहतेत, हात उचलला तर आरडून बोलवीन म्हणलं. तवापासून हात न्हाई उचलला त्येनं. आता त्यो म्हणायलाय, ह्यो फौजदार कदी दिसत कसा न्हाई? म्हणून आले. एक डाव गेटात उभं राहून त्येच्याकडं नुसतं बघा, येवढंच सांगायचं हुतं सायबाला."

मी म्हटलं, "ठाण्यात जाऊ. मी येते संगं."

"न्हाई. ठाण्यात गेलं की घर मोडतंय. मला जायाला म्हायेर न्हाई. फौजदार समोर राहतेत, येवढंच पायजे मला." ती उठली. जाताना म्हणाली, "तुमी हाक मारत ऱ्हावा, म्याडम. रोज मारा. त्यो यायच्या टायमाला."

मी जाणार आहे हे तिला सांगायला तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून ती हाक माझी ड्युटी झाली. आधीच्या कामांत आणखी एक. गंमत त्यातून निघून गेली. तो शेडकडे वळताना दिसला की हातातलं टाकून गेटात जायचं आणि म्हणायचं, "फौजदार, ठाण्यातून फोन आलाय बघा." कुत्री बिचारी प्रत्येक वेळी भाकरीच्या आशेनं बाहेर यायची.

मग मी ह्यांची पेटी उघडली. हे एसटीत कंडक्टर होते. खाकी पॅन्ट घडी घालून ठेवलेली होती, खिशात फाटकं तिकीट. ते हातात घेऊन मी पेटीपाशीच बसून रडले. नंतर पॅन्ट धुतली आणि समोरच्या शेडमधून दिसेल अशी तारेवर वाळत घातली. ह्यांना हे पटलं असतं का, माहीत नाही. आयुष्यभर कुणावर आवाज चढवला नाही त्या माणसानं.

त्यानंतर एकदा शाळेतून तापानं फणफणून आले आणि तशीच आडवी झाले. हाकेची वेळ टळून गेली. जाग आली ती समोरच्या आरडाओरड्यानं. भांडं आपटलं. पाठोपाठ तिचा आवाज, तो मध्येच तुटला. मी उठले. अंधार पडला होता, पण गेटाचा दिवा मी मुद्दाम लावला नाही. भिंतीला धरून गेटापर्यंत गेले आणि जेवढा होता तेवढा जीव गोळा करून ओरडले.

"फौजदार! बाहेर या आधी! समोर काय चाललंय बघा!"

घसा बसलेला होता, आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. कुत्री धावत आली आणि घाबरून माझ्या पायांत शिरली. आणि काय वाटलं तिला कोण जाणे, तिथूनच भुंकली. अगदी बारीक.

समोरचा आवाज थांबला. तो काहीतरी पुटपुटला. थोड्या वेळानं जमिनीवरची भांडी गोळा करत असल्याचा आवाज आला, मग बाईच्या बांगड्यांचा. मी गजाला धरून तिथंच उभी राहिले. घरात फोन वाजत होता, लेकीचाच.

"आई, आवाज असा का येतोय?"

"कुत्रीला हाक मारत होते."

"बरं, अर्ज दिलास का?"

"नाही दिला. एवढ्यात नाही जमायचं."

"का? आता काय झालं?"

"फौजदारांची बदली झाली नाही अजून," मी म्हटलं.

लेक हसली. मी फोन ठेवला, कुत्रीला भाकरी कुस्करून दिली आणि खाकी पॅन्ट तारेवरच राहू दिली.